घरच्या घरी अभंग-भावगीतांचा आल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीट बनवणाऱ्यांसाठी आणि गिटारवाल्यांसाठी युट्यूबवर हवं तेवढं साहित्य पडलंय, पण पेटीच्या भात्याचा आवाज माइकमध्ये येतोय त्याचं काय करू हे विचारलं की सगळे गप्प. म्हणून हे प्रश्न पेटी, तबला, पखवाज, टाळ आणि गळा एवढ्यावर आल्बम करणाऱ्यांचे आहेत.

कमीत कमी काय काय घ्यावं लागतं?

८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), एक कंडेन्सर माइक (बारीकसारीक टिपणारा, वीज लागणारा), एक डायनॅमिक माइक (दणकट, वीज न लागणारा), कान पूर्ण झाकणारे हेडफोन, दोन स्टँड, एक पॉप फिल्टर (प-फ ची फुंकर अडवणारी जाळी), दोन एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनची केबल). बस. इंटरफेस फोकसराइट स्कार्लेट घ्या, बेहरिंगर घ्या, सुरुवातीच्या लेव्हलला कानाला फारसा फरक कळत नाही, फक्त कंडेन्सरसाठी ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) आहे ना ते बघा. डायनॅमिकमध्ये शुअरचा एसएम ५७ किंवा ५८ घेतलात तर पुढची वीस वर्षं बघायला नको, पण लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, नकली शुअर भरपूर फिरतात, त्यामुळे बिल देणाऱ्या अधिकृत डीलरकडूनच. मॉनिटर स्पीकर आत्ता घेऊ नका, खोली नीट नसताना महागडे स्पीकर तुम्हाला चुकीचंच ऐकवणार.

यूएसबी माइकचं पण लोक विचारतात. एकट्याला गायचं असेल तर चालतो. पण पुढे तबल्याला दुसरा लावायचा म्हटलं की अडकता, कारण प्रत्येक यूएसबी माइकचं घड्याळ वेगळं असतं आणि विंडोजवर दोन एकत्र चालवणं म्हणजे रोजची कटकट.

सॉफ्टवेअर कुठलं? फुकटात होईल का?

होईल. मॅक असेल तर गॅरेजबँड आधीच आहे, ते उघडा आणि कामाला लागा. विंडोजवर माझं मत रीपर. ६० दिवस पूर्ण फुकट चालतं, नंतरही बंद पडत नाही, फक्त उघडताना आठवण करून देतं, आणि घरगुती लायसन्स ६० डॉलरचं आहे ते घ्या राव, ज्यावर अख्खा आल्बम केला त्याचे पैसे द्यायला काय हरकत आहे. साध्या जुन्या लॅपटॉपवरही पळतं. ऑडॅसिटी एक आवाज रेकॉर्ड करून कापाकापी करायला मस्त, पण बारा-पंधरा ट्रॅकचं मिक्सिंग त्यात करायला गेलात तर जीव मेटाकुटीला येईल.

क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर मित्राच्या पेन ड्राइव्हवरून घेऊ नका. नैतिकता सोडा, ऐन मिक्सच्या वेळी प्रोजेक्ट उघडत नाही तेव्हा सांगायचं कोणाला?

मोबाइलवर नाही का होणार?

चाल लक्षात ठेवायला, साथीदाराला पाठवायला मोबाइलच बेस्ट. आल्बमला नको. फोनचा माइक बोलण्यासाठी ट्यून केलेला असतो, आवाज हळू झाला की तो स्वतःच लेव्हल वाढवतो, जोरात झाला की दाबतो, म्हणजे तुम्ही मुखड्यात जो चढ-उतार घेतला तो सगळा सपाट. बाहेरचा इंटरफेस फोनला जोडता येतो, पण मग एवढं करतोय तर लॅपटॉपच बरा.

खोलीचं काय करायचं? स्टुडिओ तर नाहीये.

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात आणि खरं तर निम्मं काम इथेच होतं किंवा बिघडतं. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये काँक्रीटच्या भिंती, खाली गुळगुळीत टाइल्स, वर सपाट स्लॅब, म्हणजे आवाज सहा बाजूंनी आपटून परत माइकमध्ये येतो, आणि तो बाथरूमसारखा आवाज एकदा रेकॉर्ड झाला की कुठलंही प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचं जादा साधन) तो नीट काढत नाही.

सामान असलेली खोली निवडा. बेडरूम चांगली, हॉल वाईट. पलंगावरची गादी भिंतीला उभी करा, तुमच्या पाठीमागे, कारण माइक तुमच्या तोंडाकडे बघतोय आणि त्याला तुमच्या मागची भिंत सगळ्यात जास्त ऐकू येते (बहुतेक लोक गादी माइकच्या मागे लावतात आणि फरक पडत नाही म्हणतात). खाली सतरंजी, त्यावर आणखी एक जाड गोधडी. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट एका बाजूला असेल तर उत्तमच. खोलीच्या बरोबर मध्यभागी बसू नका आणि कोपऱ्यातही नको. लोखंडी कपाट असेल तर एकदा मोठ्याने षड्ज लावून बघा, ते वाजतं. त्याची किल्ली, हँडल, वर ठेवलेले डबे, सगळं थरथरतं आणि ते तुम्हाला गाताना कळत नाही, हेडफोनमध्ये कळतं. काचेच्या शोकेसचं पण तेच.

बाहेरचा आवाज थांबवणं ही वेगळी गोष्ट, ते घरी होत नाही. त्यावर उपाय म्हणजे वेळ. रात्री अकरानंतर किंवा पहाटे, पंखा बंद, फ्रिजचा कॉम्प्रेसर ऐकू येत असेल तर तेवढा वेळ फ्रिज बंद (आणि नंतर चालू करायची आठवण म्हणून बाइकची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा). गणपतीचे दहा दिवस रेकॉर्डिंग लावू नका, मिक्सिंग करा. पत्र्याची शेड असेल तर पावसाळ्यात विसराच.

अंड्याचे ट्रे लावले तर?

झुरळं होतील. आवाजाला काही होत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये सारखी घूं येते

आपली वीज ५० हर्ट्झची, ती घूं बहुतेक वेळा तीच असते किंवा तिची दुप्पट-तिप्पट. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेली? मग अर्थिंगचा घोळ आहे, दोन पिनचा चार्जर किंवा जुन्या बिल्डिंगचं वायरिंग. टेक घेताना बॅटरीवरच घ्या, फुकटचा उपाय. तरी राहिली तर चोकवाली ट्यूबलाइट, दिव्याचा डिमर, इन्व्हर्टर एकेक बंद करत जा. आणि माइकची केबल विजेच्या वायरीला चिकटून समांतर टाकू नका, ओलांडायची असेल तर आडवी ओलांडा.

पट्टी कुठली धरायची? तानपुरा अ‍ॅप आणि पेटी जुळत नाही

कॉम्प्युटर चालू करायच्या आधी हे ठरवा. तुम्ही काळी एकमध्ये गाता की काळी चारमध्ये ते तुम्हाला माहीत असतं, पण तुमच्या पेटीची काळी एक आणि अ‍ॅपची काळी एक एकच असेल याची गॅरंटी नाही. अ‍ॅप ४४० हर्ट्झच्या हिशेबाने चालतं, जुन्या पेट्यांचे सूर वर-खाली सरकलेले असतात. पेटी लगेच ट्यून करता येत नाही, अ‍ॅप येतं. म्हणून ट्यूनर लावून पेटीचा षड्ज मोजा, किती सेंट (दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक आहे बघा आणि तानपुरा तेवढा सरकवा, मग तबला त्यावर मिळवा. एका आल्बममध्ये दोन पेट्या वापरणार असाल तर हे प्रत्येक गाण्याला परत.

तबला मात्र दर टेकला तपासा. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने पुडी सैल होते आणि सूर उतरतो, तापलेल्या खोलीत उलटं. पहिला अंतरा संध्याकाळी आणि दुसरा मध्यरात्री घेतला की जोडताना तबला दोन वेगळ्या सुरांत ऐकू येतो. हातोडी हाताशीच ठेवा.

क्लिकवर गायचं का? आमचा तबलजी म्हणतो क्लिक लावलास तर मी येत नाही

त्याचं बरोबर आहे आणि तुमचंही. क्लिक (हेडफोनमध्ये वाजणारी लयीची टिकटिक) लावली की नंतर कापाकापी, जोडणी, कोरस वाढवणं सगळं सोपं जातं, कारण सगळं ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेषांवर बसतं. पण अभंगाची लय चढत जाते, शेवटच्या गजरात ती चढलीच पाहिजे, आणि एका टेम्पोच्या क्लिकवर ते मेलेलं वाटतं.

मधला रस्ता असा की आधी गायक, पेटी आणि तबला असं एक कच्चं रेकॉर्डिंग बिना क्लिकचं घ्या, मनासारखी लय लागेपर्यंत. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या रेकॉर्डिंगवर दर आवर्तनाच्या समेला टेम्पो मार्कर टाका. म्हणजे ग्रिड तुमच्या लयीच्या मागे येतं. रीपरमध्ये हे व्यवस्थित होतं, तासभर बसावं लागतं एवढंच. त्यानंतर पक्के ट्रॅक त्याच कच्च्यावर वाजवायचे.

क्लिक वापरायचीच असेल तर टिकटिक लावू नका, साधा ठेका लूप करून द्या. भजनी ठेका किंवा केरवा आठ मात्रांचा आहे तो चारच्या ग्रिडमध्ये आपोआप बसतो, दादऱ्याला सहा करा. रूपकला मात्र सात करून भागत नाही, कारण रूपकात सम ‘खाली’च्या, म्हणजे टाळी नसलेल्या हलक्या मात्रेवर येते आणि सॉफ्टवेअरची क्लिक पहिल्या मात्रेला सगळ्यात जोरात वाजते, वाजवणाऱ्याचा हात गडबडतो. मेट्रोनोमच्या सेटिंगमध्ये तो पहिला ठोका हलका करून चौथी आणि सहावी मात्रा जड करा, मग बघा तबलजी कसा खुलतो.

तबला, पखवाज आणि टाळ कसे घ्यायचे?

तबल्याला एकच माइक असेल तर समोरून, दोन्हीच्या मध्ये, दीड-दोन फूट उंचीवरून खाली बघणारा. अगदी जवळ लावायचा मोह होतो, तसं केलं की चाट कानात टोचते आणि डग्ग्याची घुमक बेढब फुगते. दोन माइक असतील तर कंडेन्सर तबल्यावर आणि डायनॅमिक डग्ग्यावर, पण मग दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकून बघा, डग्गा अचानक पातळ झाला तर एका ट्रॅकचा फेज (आवाजाच्या लहरीची दिशा) बटणाने उलटा करा, बऱ्याचदा तेवढ्याने परत येतो.

पखवाजाला दोन्ही बाजूंनी माइक लागतो. आणि डाव्या अंगाची कणीक सुकत जाते तसा खर्ज बदलतो, लांब सेशनमध्ये हे कोणाच्या लक्षात येत नाही, तासाभराने पाण्याचा हात लावा किंवा कणीक बदला.

पेटीचा सूर आणि भाता दोन्ही माइकला ऐकू येतात. माइक वाजवणाऱ्याच्या समोरून, थोडा वर, स्वरांच्या पट्टीकडे बघणारा, भात्यापासून लांब. पेटीच्या आत कुठली पट्टी खडखडत असेल तर तेल वगैरे नको, दुरुस्तीवाल्याकडे न्या, माइकला सगळं कळतं.

टाळ हा सगळ्यात फसवा. मीटरवर छोटा दिसतो आणि फटकन क्लिप होतो, म्हणजे लेव्हलची मर्यादा ओलांडून फाटतो, कारण त्याचा पहिला टणका फार तीक्ष्ण असतो. सहा-आठ फूट लांब उभं राहून वाजवा, गेन (इंटरफेसवरची माइकची लेव्हल) निम्मा करा. आणि टाळ कधीही गाण्यासोबत एकाच खोलीत घेऊ नका, प्रत्येक माइकमध्ये घुसतो आणि मग गायकाचा आवाज वाढवला की टाळही वाढतो. शेवटी वेगळा घ्या. वारकरी गजराचा भरणा हवा असेल तर एकाच माणसाने चार वेळा वेगवेगळ्या जागी उभं राहून वाजवायचं, टाळ पण बदलायचे.

लेव्हल किती ठेवायची? आणि ते ४४.१, ४८, २४ बिट काय आहे?

किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले, आणि बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, विषय संपला. ९६ वर गेलात तर फाइल दुप्पट आणि ऐकणाऱ्याला घंटा कळत नाही. सगळ्यात जोरात गाताना मीटर उणे १० ते उणे १२ डीबीच्या आसपास राहूदे, २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं, क्लिप झालेलं परत येत नाही. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात, वीस ट्रॅकचं सहा मिनिटांचं गाणं एक जीबी, आणि चार-पाच टेक घेणार म्हणजे हिशेब तुम्हीच करा.

हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिरा येतो

बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, मोठा आहे. ४८ किलोहर्ट्झला १०२४ चा बफर म्हणजे जाता-येता प्रत्येकी २१ मिलिसेकंद, त्यात कोणीही लयीत गाऊ शकत नाही. १२८ केला की तीनच्या आत येतो, म्हणजे समोर दोन हात अंतरावर बसलेल्या माणसाचा आवाज पोचायला लागतो तेवढाच वेळ. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) टाका. त्याहून सोपं म्हणजे इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनमध्ये) दाबा आणि सॉफ्टवेअरमधला आवाज बंद करा. मिक्सिंगच्या वेळी बफर परत वाढवा, नाहीतर कडकड येते.

ऑटोट्यून लावायचं की नाही?

लावा, पण काय करताय ते समजून. सॉफ्टवेअर सप्तकाचे बारा सारखे तुकडे धरतं, पेटी पण तसंच. आपला गळा तानपुऱ्यावर तयार झालेला असतो आणि तानपुऱ्यातून जो शुद्ध गंधार ऐकू येतो तो पेटीच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट खाली असतो. म्हणजे तुम्ही अगदी सुरात लावलेला गंधार सॉफ्टवेअरला बेसूर दिसतो आणि ते तो ओढून वर नेतं. गाणं ऐकल्यावर बिनचूक वाटतं तरी काहीतरी खटकत राहतं ना, ते हेच. त्यातून मींड आली की ती पायऱ्या-पायऱ्यांनी चढते, मुरकी तर चुरगळूनच जाते.

त्यामुळे अख्ख्या ट्रॅकवर ऑटोमॅटिक अजिबात नको. मेलोडाइनसारखं किंवा रीपरमधलं रीट्यून मॅन्युअल मोडमध्ये उघडा, जो एखादा ठहराव खरंच घसरलाय तेवढाच पकडा आणि पूर्ण न ओढता निम्म्यावर सोडा. त्याहून चांगलं म्हणजे ती ओळ परत गा. घरीच आहात, मीटर कोणाचं चालूये?

किती टेक घ्यायचे?

सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीन पूर्ण, मग जिथे अडलं तेवढ्या ओळी. दहाव्या टेकला गळा थकलेला असतो आणि गाणं पाठ केल्यासारखं वाटतं. जोडताना श्वास कापू नका, नवशिक्यांच्या आल्बममध्ये गायक श्वासच घेत नाही असं वाटतं ते यामुळे.

सॅम्पलचा तबला वापरला तर चालेल? तबलजी मिळत नाही

डेमोसाठी चालेल. मागे हलका ठेका ठेवायचा असेल तरी चालेल, स्वरप्लग (आपल्या वाद्यांच्या आवाजांचं सॉफ्टवेअर) वगैरेत बरे आवाज आहेत. पण लग्गी, तिहाई, उठाण माउसने काढायला गेलात तर दोन दिवस जातील आणि शेवटी ऐकणारा म्हणेलच की हा मशीनचा आहे. गावातल्या भजनी मंडळात विचारा, वाजवणारे असतात, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच. आणि मानधन द्या, नुसता चहा-पोहे नाही.

भाऊ न्यू जर्सीत आहे, त्याच्याकडून बासरी कशी घ्यायची?

त्याला कच्चा मिक्स वेव्ह फाइलमध्ये पाठवा, एमपीथ्री नको, आणि ती फाइल प्रोजेक्टच्या अगदी शून्यापासून रेंडर केलेली, म्हणजे बाहेर काढलेली पाहिजे. त्यानेही शून्यापासूनच, कोरी बासरी, बिना रिव्हर्बची (सॉफ्टवेअरने घातलेल्या घुमाऱ्याशिवाय) पाठवायची, मधली शांतता न कापता. मग इकडे टाकली की आपोआप जागेवर बसते. दोघांचं सेटिंग ४८ च आहे ना ते आधी विचारा, ४४.१ ची फाइल चुकून ४८ च्या वेगाने वाजली तर बासरी जवळजवळ दीड सेमीटोन वर जाते आणि तुम्ही त्याला बिचाऱ्याला बेसूर म्हणता. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवर.

मिक्सिंगला सुरुवात कुठून करू?

सगळे फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) खाली करा. आधी गळा, मग तबला, मग पेटी, शेवटी तानपुरा इतका कमी की बंद केल्यावरच कळेल. नुसत्या फेडरने सत्तर टक्के होतं. गळ्याचा ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, तिथे फक्त पंखा आणि ट्रक असतात. पेटी आणि गळा एकाच जागेत भांडतात, तिथे पेटीला एक ते दोन किलोहर्ट्झमध्ये दोन-तीन डीबी कमी करा आणि किंचित बाजूला सरकवा, शब्द लगेच उघडतात. भावगीतात शब्द कळलेच पाहिजेत. तबला मध्यापासून फार लांब नेऊ नका.

रिव्हर्ब एकच, एका सेंड ट्रॅकवर (बाकीचे ट्रॅक हवे तेवढे ज्यात पाठवता येतात असा वेगळा ट्रॅक), सगळ्यांना थोडा थोडा. देवळाचा फील म्हणून चार सेकंदांचा रिव्हर्ब टाकतात आणि मग ठेका चिखलात जातो. तो टाकायचाच तर सुरुवातीच्या आलापाला टाका, ठेका सुरू झाला की कमी करा.

मग तो मिक्स फोनच्या स्पीकरवर, कोणाच्या तरी गाडीत आणि स्वयंपाकघरातल्या ब्लूटूथवर ऐका. आईने कुकर चालू असतानाही शब्द सांगितले तर मिक्स झालाय.

मास्टरिंग म्हणजे काय, आणि माझं गाणं स्पॉटिफायवर हळू का वाजतं?

मास्टरिंग म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात, त्यात एकूण आवाज किती मोठा ते ठरतं. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणतं. तुम्ही लिमिटर (वर येणारे जोरदार टोक दाबणारं साधन) चेपून उणे ८ केलंत तर ते तेवढंच खाली आणणार, आणि चेपलेलं चेपलेलंच राहणार. अभंगाला उणे १४ ते १६ मस्त, पीक उणे १ च्या वर नको. मोजायला युलीनचं लाउडनेस मीटर फुकट मिळतं. आल्बम सलग ऐकला तर स्पॉटिफाय अख्ख्या आल्बमला एकच माप लावतं, त्यामुळे संथ विराणी आणि शेवटचा गजर यातला फरक टिकतो, विराणी मुद्दाम वाढवू नका. जमल्यास हे काम दुसऱ्या कोणाच्या ताज्या कानांकडून करून घ्या.

तुकोबांचा अभंग गायला परवानगी लागते का?

शब्दांना नाही, ते सतराव्या शतकातले आहेत. पण जी चाल तुम्ही लहानपणापासून रेडिओवर ऐकलीत ती तुकोबांची नाही, कोणातरी संगीतकाराने केलेली आहे, आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. कवितांचंही तेच. बालकवी १९१८ ला गेले, मोकळे. गदिमा १९७७ ला गेले म्हणजे २०३७ संपेपर्यंत परवानगी, कुसुमाग्रज १९९९, म्हणजे २०५९. "क्रेडिट दिलंय ना" याने काही होत नाही. सगळ्यात सोपा मार्ग, अभंग जुना घ्या आणि चाल स्वतः लावा. युट्यूबवरून कराओके उतरवून त्यावर गाणं हे तर नकोच, त्या रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे असतात.

स्वतःच्या चाली आणि शब्द असतील तर आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद व्हा.

अपलोड कसं करायचं आणि पैसे मिळतात का?

स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिकवर थेट टाकता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो, ट्यूनकोर, डिस्ट्रोकिड वगैरे. आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) तेच देतात. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी, आणि गाण्यांची नावं देवनागरीत टाकणार की रोमनमध्ये ते आधी ठरवा, अर्धं इकडे अर्धं तिकडे केलंत तर शोधणाऱ्याला सापडत नाही. आषाढीला रिलीज हवा असेल तर निदान महिनाभर आधी द्या. पैशाचं म्हणाल तर २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षात १००० स्ट्रीम नाहीत त्याला काहीच मिळत नाही. खर्च निघतो तो कार्यक्रमांतून, आल्बम असला की आयोजकाला पाठवायला काहीतरी असतं.

बॅकअप?

लॅपटॉपवर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, क्लाउडवर एक. रीपरमध्ये सेव्ह अ‍ॅज करताना मीडिया प्रोजेक्ट फोल्डरमध्ये कॉपी करायचा पर्याय टिक करा, नाहीतर प्रोजेक्टची फाइल जाते आणि आवाज मागेच राहतात. गाणं झालं की प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह म्हणून पण काढून ठेवा, उद्या सॉफ्टवेअर बदललंत तरी ते उघडतील. आणि पावसाळ्यात कंडेन्सर माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.